शेजारचे दात

आमच्या भागात दात पडणं ही कुणाला मुद्दाम सांगावी अशी गोष्ट नव्हती. माणूस उताराला लागला की केस पिकायचे, गुडघे धरायचे, दात पडायचे. पडलेल्या दाताची जागा तशीच राहायची आणि माणूस तिच्यासकट ओळखला जायचा. आमच्या आज्जीच्या तोंडात शेवटी पुढचे चार दात आणि एक सुळा एवढाच ऐवज शिल्लक होता. बाजरीची भाकरी ती कालवणात कुस्करून मऊ करायची, शेंगदाणे खलबत्त्यात कुटून घ्यायची आणि उसाचं कांडं विळ्यानं सोलून आम्हा पोरांच्या हातात द्यायची. ‘चावा लेकरांनो, दात हाईत तवर चावा,’ एवढंच म्हणायची. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आमच्या घरी अर्धीच लागू होती. चणे कुठल्याच वयात फारसे नव्हते.

दाताची पारख आम्हाला बैलाच्या तोंडातली. खरसुंडीच्या जत्रेत खिलार खोंड बघायला गेलेला माणूस आधी जबडा उघडणार, मग शिंगं आणि खूर बघणार. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालच्या आठ दातांवरून त्याचं वय सांगतात. दुधाचे दात असतील तो आदत, पक्के दोन आले की दुसा, चार आले की चौसा आणि आठही आले की जुळलेला. पुढं दात झिजले, हलायला लागले की भाव उतरला. माणसाचं तसं नव्हतं. दात गेले म्हणून आज्जीचा घरातला भाव उतरला नाही. बोळक्या तोंडानं तिनं शब्द टाकला की चुलते गप्प बसायचे. म्हणून असेल, गेलेल्या दाताच्या जागी दुसरा बसवावा हा विचारच डोक्यात येत नसे. आठवडी बाजारात रस्त्याकडेला काचेच्या पेटीत कवळ्या मांडून बसलेला माणूस दिसायचा. त्याच्याकडं आम्ही जादूवाल्याकडं बघावं तसं बघायचो आणि पुढं जायचो.

आता दिवस बदलले. तालुक्याच्या गावी दातांचे दवाखाने झालेत आणि पेन्शनर माणूस त्यातल्या एखाद्याची पायरी चढतोच. दोन वर्षांपूर्वी माझी खालची डावीकडची पहिली दाढ काढावी लागली. मुळापर्यंत किडली होती, वाचवण्यासारखी राहिली नव्हती. जखम भरून आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘गुरुजी, आता तिथं ब्रिज करून घेऊ या. तीन दातांचा होईल.’

‘पडलाय एक. तीन कशाला?’

त्यांनी माझ्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा पुढं ओढला आणि पेन्सिलीनं दाखवलं. मधल्या नव्या दाताला मूळ नसतं. तो हिरडीवर नुसता टेकल्यासारखा असतो, खरा लोंबकळत असतो. त्याचं ओझं अलीकडच्या आणि पलीकडच्या दातानं घ्यायचं. त्यासाठी ते दोन्ही दात चोहोबाजूंनी घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोपी चढवायची आणि त्या दोन टोप्यांच्या मध्ये नवा दात ओवायचा. तीन दात एकसंध ओतलेले असतात. सिमेंट लावून एकदा बसवले की नदीवरच्या पुलासारखे दोन खांबांवर उभे.

‘पण हे दोन दात तर चांगले आहेत.’

‘मागच्या दाढेत जुनं मोठं सिमेंट आहे, तिला आज ना उद्या टोपी लागणारच आहे. पुढची मात्र चांगली आहे,’ त्या म्हणाल्या. ‘चांगली आहे म्हणूनच तिचा आधार घ्यायचा. किडक्या दातावर कोण पूल बांधेल?’

या उत्तरात व्यवहार होता आणि वैद्यकही होतं. तरी ते ऐकून मला गप्प बसावंसं वाटलं. दाताचं वरचं कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते आपल्या अंगातला सगळ्यात कठीण पदार्थ. हाडापेक्षा कठीण. पण हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते. हे कवच एकदा गेलं की परत येत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपून गेलेल्या असतात. आयुष्याला पुरेल एवढं एकदाच मिळतं. पुलाच्या टोपीला जागा करायची तर वरून दीड-दोन मिलिमीटर आणि बाजूंनी एक-दीड मिलिमीटर दात जातो. ऐकायला थोडं वाटतं. पण ज्या दाढेचं कवच सगळ्यात जाड जागी अडीच मिलिमीटरच्या आसपास असतं, तिच्यासाठी हे जवळपास सगळं अंगरखं उतरवून देणं झालं. ज्याचा काही गुन्हा नाही, ज्याला कीड नाही, त्याला दुसऱ्याच्या जाण्यापायी असं सोलायचं हे बरोबर आहे का? प्रश्न दाताचा होता, पण मनात तो दातापाशी थांबेना.

मी तो डॉक्टरीणबाईंना विचारला. त्यांनी हसून टाळलं नाही. म्हणाल्या, ‘फट तशीच ठेवली तर शेजारचे दात जसेच्या तसे राहतील असं समजू नका. मागची दाढ हळूहळू पुढं कलंडते. समोरची वरची दाढ खाली आधार मिळत नाही म्हणून उतरायला लागते. मग घास नीट चावत नाही, फटीत अन्न अडकतं, तिथं कीड लागते. वर्षं लागतात, पण होतं.’

म्हणजे मोकळी जागा मोकळी बसत नाही. ती शेजाऱ्यांना आपल्याकडं ओढते. भरली तरी शेजाऱ्याचं नुकसान, न भरली तरी शेजाऱ्याचं नुकसान. एक नुकसान एका दिवसात, खुर्चीत बसवून, पैसे मोजून केलेलं. दुसरं सावकाश, कुणी केलं म्हणून बोट दाखवता येणार नाही असं. आपण माणसं दुसऱ्या प्रकारच्या नुकसानीला नशीब म्हणतो आणि पहिल्या प्रकाराला निर्णय. शेजाऱ्यानं मात्र दोन्ही सारखंच सोसायचं असतं.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं आपण म्हणतो. ते वणव्याबद्दल ठीक आहे. वणव्याला कळत नाही सुकं कोणतं आणि ओलं कोणतं. पण ओलं आहे हे ठाऊक असून, ते ओलं आहे म्हणूनच निवडायचं, याला काय म्हणायचं? आमच्या घरात हे एकदा झालेलं आहे.

1972 च्या दुष्काळात आमच्या गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळायचा, पोरांना सुकडी मिळायची. माझी आई खडीवर जायची. पुढच्या वर्षी पाऊस झाला, रानं हिरवी झाली आणि त्याच पावसाळ्यात आई तापानं गेली. मी सहा वर्षांचा होतो. थोरला भाऊ पंधराचा. मधली अक्का तेराची, सातवीत शिकत होती. आज्जी होती, पण तिला चुलीपुढं बसवत नव्हतं.

दहाव्याला पाहुणे जमले होते. घराचं कसं व्हायचं, याची चर्चा झाली. आबांनी दुसरं लग्न करावं असं एकानं सुचवलं, आबा नको म्हणाले. मग कुणीतरी म्हणालं, ‘पोरगी हाय की घरात.’ एवढ्या चार शब्दांत सगळं मिटलं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. सगळ्यांचे डोळे ओले होते. अक्का आत भांडी घासत होती. तिला बोलावून सांगितलं असंही नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही, तिसऱ्या दिवशी गेली नाही. शाळेतले गुरुजी एकदा येऊन म्हणाले, पोरगी हुशार आहे, सातवी तरी होऊ द्या. आबा म्हणाले, बघू. पुढं मी पहिलीत जायला लागलो ते तिचं दप्तर घेऊन. कोपऱ्यात तिच्या हातानं उसवलं-शिवलेलं होतं.

थोरला भाऊ का नाही, असं कुणी विचारलं नाही. तो आबांबरोबर रानात राबत होता, म्हणजे मोकळा नव्हताच. पण रानातलं काम जोडीनं होतं आणि चुलीपुढची जागा एकटीची होती. अक्का चलाख होती, तब्येतीनं चांगली होती, एकदा सांगितलेलं तिच्या ध्यानात राहायचं. किडक्या दातावर कोण पूल बांधेल, हे वाक्य दवाखान्यात ऐकलं तेव्हा म्हणूनच माझ्या डोळ्यांपुढं ती आली. चांगलं असणं हाच तिचा गुन्हा ठरला.

दात घासताना मला दुखलं नाही. आधी इंजेक्शन देऊन जबडा बधिर केला होता. कानाशी यंत्राचा आवाज येत होता, पाण्याचा फवारा उडत होता आणि माझ्याच दाताचा बारीक भुगा नळीतून ओढला जात होता. मला मात्र आपल्याला काही होतंय असं वाटत नव्हतं. बधिर केलं की शेजारी ओरडत नाही. आमच्या अक्कालाही इंजेक्शन मिळालं होतं. ते कौतुकाचं होतं. ‘किती गुणाची पोर’, ‘आईची जागा घेतली बघा’, ‘एवढीशी असून घर सावरलं’. सगळं गाव बोलत होतं आणि मनापासून बोलत होतं. तेरा वर्षांच्या पोरीला एवढं कौतुक मिळालं की ती आपल्याला काय हवं होतं ते विसरते. कौतुक करू नये असं माझं म्हणणं नाही. पण कौतुक नेमकं केव्हा होतं आणि कशाच्या आधी होतं, एवढं बघावं.

पुलाचा आणखी एक गुण असा की तो सोयीनं काढता येत नाही. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवता येते. पूल सिमेंटचा. अक्काच्या वयाच्या पोरींची सोळा-सतराव्या वर्षी लग्नं झाली. तिची स्थळं आली आणि परत गेली, कारण ती गेली तर चूल बंद. शेवटी थोरल्या भावाचं लग्न घाईनं उरकलं. वहिनी घरात आली तेव्हा सोळाची होती. तिचा हात चुलीला बसला, त्यानंतर दोन वर्षांनी अक्काला उजवलं. भाऊ पुढं आमच्या भागातल्या बऱ्याच जणांसारखा गलाईच्या धंद्यात सोनं-चांदी आटवायला दक्षिणेत गेला आणि वहिनी गावीच राहिली. एका जागेसाठी दोघी-तिघींना आकार बदलावा लागला. पडलाय एक, तीन कशाला, हे मी डॉक्टरीणबाईंना सहज विचारून बसलो. आमच्या घराला ते कुणी विचारलं नव्हतं.

इथं मला स्वतःला थांबवावं लागतं. दाताचा दाखला घरावर जसाच्या तसा बसत नाही. माझ्या तोंडात घासलेला दातही माझा, गेलेलाही माझा आणि चावायचं सुखही माझंच. नफा-तोटा एकाच खात्यावर. त्या दाताला वेगळं मन नाही, शिकायची हौस नाही. म्हणून मी शेवटी पूल करून घेतला आणि त्यात मला अन्याय वाटत नाही. घराचं मात्र असं नसतं. आपण ‘घर टिकलं पाहिजे’ म्हणतो तेव्हा घर हे एक तोंड आहे असं धरून चालतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण तोंड एकाचं असतं, घर एकाचं नसतं. भाकरी माझ्या पोटात गेली आणि सातवी अक्काची बुडाली. हे एका खात्यावर मांडता येत नाही.

दातांच्या इतिहासात ही गोष्ट अगदी उघडी करून दाखवणारी उदाहरणं आहेत. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे दात लवकर गेले. 1789 साली अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्यांत हस्तिदंत होतं, धातू होता आणि माणसांचे दातही होते. त्यांच्या माऊंट व्हर्ननच्या हिशेबात 1784 साली गुलाम माणसांकडून 9 दात घेतल्याबद्दल पैसे दिल्याची नोंद सापडते. ते दात नेमके कुठं बसले याचा पुरावा नाही, पण नोंद आहे. पुढं 1815 साली वॉटर्लूची लढाई झाली तेव्हा मेलेल्या सैनिकांचे दात काढून विकले गेले आणि युरोपातल्या श्रीमंतांच्या कवळ्यांत बसले. त्यांना ‘वॉटर्लूचे दात’ असं नावच पडलं. आपली फट दुसऱ्याच्या तोंडातून भरायची, याचं याहून सरळ चित्र मिळणार नाही. वॉशिंग्टनच्या वहीत निदान आकडा तरी आहे. आमच्यासारख्या घरांत दिलेलं आणि घेतलेलं कुठल्याच वहीत मांडलेलं नसतं.

मग दुसऱ्यासाठी कुणी झिजूच नये का? असं म्हटलं तर गाव एक दिवस चालणार नाही. आमच्याकडं पैरा होता. एकाच्या बैलजोडीतला एक बैल मेला तर तो राहिलेला बैल दुसऱ्या एकबैल्याच्या बैलाबरोबर जुंपायचा, आज तुझं रान, उद्या माझं. इर्जिक असायची. एखाद्याची पेरणी खोळंबली की गावातली औतं त्याच्या रानात उतरायची, दिवसभरात काम उरकायची आणि संध्याकाळी त्यानं घातलेलं जेवण जेवून घरी जायची. यात ओझं होतंच. पण ते फिरतं होतं. आज ज्यानं खांदा दिला त्याला उद्या खांदा मिळायचा आणि नाही मिळाला तर चारचौघांत विचारायची सोय होती. पुलाच्या खांबाची पाळी कधी संपत नाही. मधला दात कधीच म्हणत नाही की आता मी धरतो, तू जरा बस. पैरा आणि पूल यांत मला एवढाच फरक दिसतो, पण तो मोठा आहे.

हे सगळं मी एकदा अक्काला बोलून दाखवलं. तिच्या सासरी गेलो होतो. ती ओट्यावर बसून मिश्री लावत होती. मिश्रीनं तिच्या हिरड्या सैल केल्यात, मागच्या चार-पाच दाढा गेल्यात. मी तिला माझ्या पुलाची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणालो, ‘अक्का, आमच्यापायी तुलाच घासलं गं.’

तिनं पिंक टाकली आणि माझ्याकडं बघितलं. ‘कुणी घासलं? मी काय डाक्टरच्या खुर्चीत आ करून बसले व्हते व्हय? चूल माझ्या हातानं पेटवली मी. तू उपाशी झोपला असतास तर मला झोप लागली असती का?’

‘पण शाळा सुटली तुझी.’

‘सुटली. लई रडले व्हते, पांदीत जाऊन. ते कुणाला ठावं न्हाई.’ थोडा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, ‘पर तू आता अशी कीव करायला लागलास तर माझं समदं केल्यालं वाया जातंय बघ. मग मी निस्ती दगडाखाली घावल्याली पोर व्हते, असंच व्हतंय की. मी तशी नव्हते. म्या घर वडलंय.’

तिचं म्हणणं मला सोडून देता येत नाही. ज्यानं सोसलं त्याच्या सोसण्याला फक्त अन्याय म्हणणं, म्हणजे त्याच्या हातून झालेलं कामही काढून घेणं. अक्कानं रोज पहाटे उठून जे केलं त्यात तिचं डोकं होतं, माया होती, जिद्द होती. ते सगळं तिचं. पण ती जागा तिची तिनं निवडलेली नव्हती, हेही तितकंच खरं. तेरा वर्षांच्या पोरीला घरातले सगळे रडत असताना ‘करशील ना?’ असं विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती आणि त्या होकाराला काय किंमत द्यायची? आम्हाला तर तेवढंही विचारायची गरज वाटली नाही. काम तिचं मोठं आणि वाटणी चुकीची. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

दंतवैद्यकाकडं परत येतो, कारण या शास्त्रानं हा प्रश्न आपल्या परीनं बराच पुढं नेलाय. इटलीत इसवी सनापूर्वी सातव्या शतकात एट्रुस्कन लोक सोन्याची पातळ पट्टी शेजारच्या दातांभोवती वेढून मधे दात बसवत. गलाईवाल्या भावाला हे सांगितलं तेव्हा त्याला लई आवडलं. शुद्ध सोनं मऊ असतं, वाकवावं तसं वाकतं, म्हणाला. मेरीलँड विद्यापीठाच्या नावानं ओळखला जाणारा एक पूल आहे. त्यात शेजारच्या दाताला पाठीमागून पातळ पंख चिकटवतात, घासणं अगदी कमी. तो पुढच्या दातांना बरा, दाढांचं ओझं त्याला जड जातं. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे ओळखलं आणि 1965 साली पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात त्याचा खुंट बसवला. त्या दाताला स्वतःचं मूळ मिळतं, शेजाऱ्याला हात लावावा लागत नाही. पैसे आणि वेळ मात्र जास्त लागतो, हाडही चांगलं लागतं. माझ्या हाडाची आणि खिशाची, दोन्हीची तयारी नव्हती.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक फट भरलीच पाहिजे असं नाही. तोंडात बत्तीस दात असतात, पण नेदरलँडच्या कायसर यांनी 1981 साली दाखवलं की पुढचे दात आणि छोट्या दाढा मिळून वीस असले तरी बहुतेकांचं नीट चालतं. जपाननं 1989 पासून ऐंशीव्या वर्षी वीस दात, अशी मोहीमच चालवली. म्हणजे बारा गेले तरी माणूस जेवतो. आज्जीकडं बघून एवढं आम्हाला कळायला हवं होतं, असं वाटून मला हसू आलं.

यातून काही साधे प्रश्न निघतात. फट भरायलाच हवी का, की तिच्यासह जगता येईल? भरायची तर तिला स्वतःच्या पायावर उभं करता येईल का, म्हणजे पैसे मोजून, मदतनीस लावून? शेजाऱ्याला हात लावायचाच तर ज्याला आधीच टोपी लागणार आहे तो आहे का? आणि ज्याच्यावर टाकायचं त्याची मुळं तेवढी आहेत का? अँटे नावाच्या दंतवैद्यानं 1926 साली नियम सांगितला होता की खांबांची हाडातली मुळं मिळून गेलेल्या दातांच्या मुळांपेक्षा कमी नसावीत. आता तो नियम तंतोतंत पाळत नाहीत, पण त्यातली काळजी खरी आहे. तेरा वर्षांच्या मुळांवर तीस वर्षांच्या बाईचं ओझं टाकताना आमच्याकडं कुणी हे मोजलं नव्हतं.

शेवटचा प्रश्न पूल बसल्यानंतरचा. डॉक्टरीणबाईंनी मला एक दोरा दिला आणि तो पुलाखालून रोज ओढायला सांगितला. ‘टोपीच्या कडेला आतून कीड लागली तर बाहेरून दिसत नाही. पूल चकचकीत दिसतो आणि खांब आत सडतो,’ म्हणाल्या. मी रोज रात्री दोरा ओढतो. अक्काचं गुडघ्याचं दुखणं आम्हाला कळलं ते तिला पायरी चढता येईना तेव्हा. तोवर घर छान दिसत होतं.

गेल्या वर्षी तिच्याच घरात पुन्हा फट पडली. सुनेचं मणक्याचं ऑपरेशन झालं. काही महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही. घरात दोन गाई, सहा माणसांच्या भाकरी आणि नात बारावीला. मी भेटायला गेलो त्या दिवशी सोयरेधायरे बसले होते. एकजण म्हणाला, ‘एक वरीस गॅप घेतली पोरीनं तर काय बिघडतंय? पुढल्या वर्षी देईल परीक्षा.’ कुणी मान डोलावली. नात दाराआड उभी होती.

अक्का कोपऱ्यातून म्हणाली, ‘घरात फट ऱ्हाऊ द्या. पोरीच्या वर्साला फट पाडायची न्हाई.’

‘मग भाकरी कोण थापणार?’

‘न्हाई थापल्या तर भात खावा. भाकरी न्हाई म्हणून कोण मेलंय?’

तिनं शब्द खाली पडू दिला नाही. एक गाय विकली. दुसरीची धार काढायला तिचा मुलगा शिकला; पहिले पंधरा दिवस गाय लाथा झाडायची आणि तो शिव्या. भाकरी गावातल्या बचत गटाच्या बायकांकडून विकत आणल्या, पैसे रोजच्या रोज चुकते केले. शेजारणी वाटीभर कालवण पाठवत, सून बरी झाल्यावर तिनं त्यांच्या कुरडया-पापडांना हात लावला. नातीला अगदी सोडली असं नाही. ती संध्याकाळी पाणी भरायची, भाजी चिरायची. वाटा उचलणं आणि जागा भरणं यांतला फरक अक्का बरोबर ओळखून होती. घर ते महिने लंगडत चाललं. केर साचला, कधी जेवायला नऊ वाजले. पोरीला मार्क किती पडले ते इथं सांगायचं कारण नाही. ती वर्गातल्या पोरींबरोबर परीक्षेला बसली.

मी अक्काला म्हणालो, ‘तू तर म्हणतेस तुला कुणी घासलं नाही. मग नातीसाठी एवढी का भांडलीस?’

‘म्या केलं ते केलं,’ ती म्हणाली. ‘म्हणून तिनं बी करावं, असं कुठं लिवलंय?’

मला वाटतं, मी इतकी पानं घासून जे शोधत होतो ते या वाक्यात आहे. ज्यानं भार उचलला त्यानं आपल्या उचलण्याचा अभिमान बाळगावा, तो त्याचा हक्क आहे. त्या अभिमानाचा नियम करून दुसऱ्याच्या मानेवर ठेवायचा हक्क मात्र कुणालाच नाही, उचलणाऱ्यालाही नाही आणि ज्यांनी त्या जिवावर खाल्लं त्या आम्हाला तर नाहीच नाही.

फट दिसली की ती बुजवायची घाई हाताला होते. मोकळी जागा डोळ्याला टोचते आणि शेजारी चांगलाच उभा असतो. अशा वेळी खाणाऱ्या तोंडानं थोडे दिवस दुसऱ्या बाजूनं चावून बघावं. माणूस तसं खायला शिकतो. वेळ लागतो, इतकंच.